‘आता फक्त इंजिनिअरिंग उरलंय’ या वाक्याबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला फ्युजनवरचा (हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्यावरचा) लेख वाचला. चांगला होता, म्हणजे भाषा सोपी होती, उगाच भीती घातली नव्हती, आणि अणू म्हटलं की लगेच बॉम्बच्या ढगाचा फोटो टाकायचा ही जी सवय लागलीय सगळ्यांना तीही या वेळी टाळली होती, त्याबद्दल आधी थँक्यू. पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे, "या अभिक्रिया शास्त्रज्ञांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहेत, आता फक्त इंजिनिअरिंग उरलंय", आणि ते वाचल्यापासून मला काही राहवत नाहीये. म्हणून हे पत्र. लांबलंय मला माहितीय, काटछाट करायची तर खुशाल करा, फक्त मधला कार्बनचा भाग ठेवा प्लीज.

मी काही मोठी शास्त्रज्ञ वगैरे नाही. तरुणपणी काही वर्षं एका छोट्या अ‍ॅक्सिलरेटरवर ड्युटेरॉनच्या (जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रांच्या) बीमनं, म्हणजे झोतानं, टार्गेटं झोडपण्यात गेली, पुढे ते सुटलं, आता पोटापाण्याचं काम भलतंच आहे. पण एकदा रात्र रात्र बसून काउंट्स (डिटेक्टरनं टिपलेले एकेक कण) जमवलेत ना, की 'ठाऊक आहे' हा शब्द इतक्या सहज हातातून लिहिला जात नाही.

ठाऊक म्हणजे नक्की काय ठाऊक? ड्युटेरियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचे दोन जड भाऊ, पहिल्यात एक न्यूट्रॉन जास्त, दुसऱ्यात दोन) एकत्र आले की हेलियम-४ आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो, वर १७.६ एमईव्ही ऊर्जा मिळते (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, केईव्ही म्हणजे हजार, आणि एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे इलेक्ट्रॉनला एका व्होल्टमधून मिळणारी ऊर्जा). ही ओळ कॉलेजातलं पोरगंही झोपेत लिहील. ऊर्जेचा आकडा काढायला तर बीमसुद्धा लागत नाही, आधीच्या वजनांतून नंतरची वजनं वजा करायची, आइन्स्टाइनच्या सूत्रात घालायची, झालं. म्हणजे अभिक्रिया झालीच तर काय मिळेल ते ठाऊक आहे. पण ती होणार किती वेळा? एक लाख ड्युटेरॉन सोडले तर किती जणांचं जमेल, आणि त्यांचा वेग निम्मा केला तर किती जणांचं, हे त्या ओळीत कुठंच लिहिलेलं नसतं. ते मोजावंच लागतं, प्रत्येक ऊर्जेला वेगळं, आणि सगळी मारामारी तिथंच आहे.

या 'किती वेळा'ला क्रॉस-सेक्शन म्हणतात, समोरून येणाऱ्या कणाला ते अणुकेंद्र केवढं 'दिसतं' ते क्षेत्रफळ समजा. एकक आहे बार्न, म्हणजे १० चा उणे २४ वा घात इतके चौरस सेंटीमीटर. बार्न म्हणजे खरं तर कोठार, १९४२ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात दोघा फिजिसिस्टनी गमतीत ठेवलेलं नाव, अणुकेंद्राच्या मानानं एवढं क्षेत्रफळ म्हणजे कोठाराएवढं अवाढव्यच की असं म्हणून, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तर ड्युटेरॉनची ऊर्जा १०० केईव्हीच्या आसपास असली की ड्युटेरियम-ट्रिटियमचं क्रॉस-सेक्शन साधारण ५ बार्नपर्यंत चढतं, आणि त्याच ऊर्जेला ड्युटेरियम-ड्युटेरियमचं त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरतं. दोन्ही समीकरणं कागदावर सारखीच निरागस दिसतात. पहिलं एवढं सोपं आणि दुसरं एवढं अवघड का, तर मधे हेलियम-५ ची (दोघं क्षणभर जुळून बनणाऱ्या अणुकेंद्राची) एक अवस्था बरोब्बर मोक्याच्या जागी बसलेली आहे म्हणून, आणि ती तिथं आहे हे कुणी घरबसल्या गणित करून सांगितलेलं नाही. १९३८ मध्ये मिशिगन विद्यापीठात आर्थर रुलिग नावाचा माणूस ड्युटेरॉननं ड्युटेरियम फोडत होता, त्यात नको तेवढे जोरकस न्यूट्रॉन निघाले, आणि त्यानं एका छोट्या टिपणात लिहून टाकलं की ही ड्युटेरियम-ट्रिटियम अभिक्रिया फारच सहज होत असणार. ते टिपण पुढे किती तरी वर्षं कुणाच्या लक्षातही नव्हतं. आज ज्या फ्युजनच्या बातम्या छापता त्याचं मूळ हे, दुसरंच काही मोजताना बाजूला दिसलेलं.

हलके कण म्हणजे कोण हेही सांगून टाकते, कारण लेखात ते आलंच नाही. प्रोटॉन, न्यूट्रॉन, ड्युटेरॉन, ट्रायटॉन (ट्रिटियमचं अणुकेंद्र), हेलियम-३ आणि अल्फा (हेलियम-४ चं अणुकेंद्र), बस एवढीच मंडळी. विद्युतभार कमी असल्यामुळे समोरच्या अणुकेंद्राचा रेटा त्यांना कमी बसतो, न्यूट्रॉनला तर बसतच नाही, त्यामुळे थोडक्या ऊर्जेत आत शिरता येतं. पहिली सगळी फोडाफोडी यांच्याच जिवावर झाली.

१९१९ मध्ये रदरफर्डनं अल्फा कण नायट्रोजनवर सोडले आणि त्यातून प्रोटॉन निघताना पाहिले. पाहिले म्हणजे अक्षरशः डोळ्यांनी, अंधाऱ्या खोलीत आधी डोळे सरावू द्यायचे, मग मायक्रोस्कोपमधून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उडणाऱ्या ठिणग्या एकेक करून मोजायच्या, डोळे थकले की दुसऱ्यानं बसायचं. पण तेव्हा रदरफर्डचा समज होता की अल्फा येतो, धडक देतो, प्रोटॉन उडवतो आणि पुढं जातो. खरं काय होतं ते कळायला सहा वर्षं गेली. ब्लॅकेटनं क्लाउड चेंबरमध्ये (कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांसारख्या दिसतात त्या पेटीत) २३,००० च्या आसपास फोटो काढले, त्यात अल्फाच्या चार लाखांवर वाटा होत्या, आणि त्यातल्या फक्त ८ वाटांना असा फाटा फुटलेला होता की अल्फा आतच राहिला, प्रोटॉन बाहेर पडला आणि उरलं ते ऑक्सिजन-१७. चार लाखांत आठ! म्हणजे समीकरणाची ती साधी ओळसुद्धा फुकट मिळालेली नाही, उजवीकडे काय लिहायचं हे त्या आठ फाट्यांवरून ठरलंय.

मग १९३२, कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन. लेखात त्यांना एक ओळ दिलीय, "अणू फोडला". हो फोडला, १४ एप्रिलला लिथियमवर प्रोटॉन मारून दोन अल्फा मिळाले, पण त्यातली मजा वेगळीच आहे. प्रोटॉनला लिथियमच्या अणुकेंद्रात शिरायचं तर जुन्या फिजिक्सच्या हिशेबानं एक एमईव्हीहून जास्त ऊर्जा हवी, आणि यांच्याकडे मशीन होतं काही लाख व्होल्टचं. तरी त्यांनी ते बांधलं कारण गॅमोनं १९२८ मध्ये दाखवलं होतं की क्वांटमच्या नियमानं कण भिंतीवरून उडी न मारता भिंतीतूनच पलीकडे निघू शकतो, क्वचित पण निघतो. अब्जावधी प्रोटॉन सोडले तर एखाद्याचं जमायचं, पण सोडायला प्रोटॉन भरपूर होते. हे 'क्वचित' लक्षात ठेवा, सूर्यापाशी पुन्हा येणार आहे.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. सायक्लोट्रॉनवाल्या (कणांना गोल फिरवत वेग देणारं यंत्र) लॉरेन्सची. १९३३ साली त्याच्याकडे बर्कलीत नवाकोरा ड्युटेरियम आला, त्यानं ड्युटेरॉनचा बीम केला आणि हाताला येईल त्या टार्गेटवर मारला. प्रत्येक टार्गेटमधून सारख्याच पल्ल्याचे प्रोटॉन निघायला लागले, धातू कुठलाही असो. लॉरेन्सनं काय निष्कर्ष काढला, की टार्गेटचा काही संबंधच नाही, ड्युटेरॉन स्वतःच फुटतोय, आणि त्यावरून न्यूट्रॉनचं वजन तो शोधणाऱ्या चॅडविकनं सांगितलं त्याहून बरंच कमी आहे. सुतावरून स्वर्ग. त्या ऑक्टोबरात ब्रुसेल्सच्या सॉल्वे परिषदेत त्यानं हे सगळ्या दिग्गजांसमोर मांडलं आणि चॅडविक, कॉकक्रॉफ्ट वगैरे लोकांना ते काही पटेना. शेवटी निघालं काय, तर बीममधला ड्युटेरियम टार्गेटांच्या पृष्ठभागातच मुरत होता, आणि मागून येणारे ड्युटेरॉन त्या मुरलेल्या ड्युटेरियमवर आपटत होते. सोन्यावर मारा नाहीतर लिथियमवर, बघत होते ड्युटेरियम-ड्युटेरियमच. १९३४ मध्ये केंब्रिजला ऑलिफंट, हार्टेक आणि रदरफर्ड यांनी मुद्दाम ड्युटेरियम असलेलं टार्गेट घेऊन हीच अभिक्रिया नीट मोजली आणि त्यातून ट्रिटियम आणि हेलियम-३ हे दोन नवे पाहुणे सापडले. लॉरेन्सनं चूक कबूल केली, मोकळेपणानं केली हे त्याचं मोठेपण, पण ज्या घाणीला तो शोध समजला त्याच घाणीत खरा शोध होता आणि तो दुसऱ्यांच्या हाती गेला.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. १९३४ च्या जानेवारीत पॅरिसहून इरीन आणि फ्रेडरिक जोलियो-क्यूरी यांनी जाहीर केलं की अल्युमिनियमवर अल्फा मारले की नवा किरणोत्सर्गी फॉस्फरस तयार होतो आणि अल्फाचा सोर्स बाजूला केला तरी तो किरण सोडतच राहतो. बर्कलीतल्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे हे महिनोन्महिने घडत होतं, पण गायगर काउंटर आणि सायक्लोट्रॉन एकाच स्विचवर जोडलेले, बीम बंद केला की काउंटरही बंद! बातमी कळल्यावर त्यांनी वायरी बदलल्या, कार्बनवर ड्युटेरॉन मारले, बीम बंद केला, आणि काउंटर आपला टिकटिक करतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. नोबेल पॅरिसला गेलं. मला ही गोष्ट आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितली होती आणि सांगताना ते माझ्याकडे न बघता स्विचबोर्डकडे बघत होते.

माझा स्वतःचा लॉरेन्स व्हायला दीड वर्ष लागलं. आमचं काम डी-पी अभिक्रियांचं होतं, म्हणजे ड्युटेरॉन आत जातो, न्यूट्रॉन तिथंच ठेवतो आणि प्रोटॉन बाहेर पडतो, त्या प्रोटॉनच्या ऊर्जेवरून नव्या अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्या कळतात आणि तो कुठल्या कोनात किती निघतो त्यावरून न्यूट्रॉन कुठल्या कक्षेत बसला ते कळतं. सुंदर पद्धत आहे, १९५१ मध्ये बटलरनं तिचं गणित बसवल्यापासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी यावर पीएचड्या केल्यात. तर एका रात्री माझ्या स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या ऊर्जेचे किती प्रोटॉन आले त्या आलेखात) एक पीक, म्हणजे उंचवटा, दिसायला लागलं जे कुठल्याच तक्त्यात नव्हतं. तासातासाला वाढतंय. मी हवेत. नवी पातळी सापडली, नाव होणार. सकाळी सर आले, प्रिंटआउट बघितला, चहाचा कपही खाली ठेवला नाही, आणि एवढंच विचारलं, "अगं, अँगल बदलून बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. डिटेक्टरचा कोन बदलला की जड अणुकेंद्रावरून आलेल्या प्रोटॉनची ऊर्जा थोडीशीच सरकते, हलक्यावरून आलेल्याची भराभर सरकते, कारण हलकं अणुकेंद्र धक्का खाऊन मागे हटतं आणि ऊर्जेतला वाटा घेतं. माझं पीक सरकलं ते अगदी कार्बन-१२ नं सरकावं तसं. व्हॅक्यूम पंपाच्या तेलाची वाफ चेंबरमध्ये येते, बीम पडतो तिथं ती जळते आणि टार्गेटवर कार्बनचा काळा डाग वाढत जातो, म्हणून ते पीक तासातासाला वाढत होतं. वर आणखी वाईट म्हणजे त्या कार्बनच्या थरातून जाताना बीमची ऊर्जाही थोडी कमी होत होती, म्हणजे बाकीची पीकंही जागा सोडून बसलेली. तीन रात्रींचा डेटा गेला. ऑक्सिजनची तीच तऱ्हा, जिथं धातू तिथं ऑक्साइड आणि जिथं ऑक्साइड तिथं ऑक्सिजन-१६ ची पीकं हजर. या क्षेत्रातल्या माणसाला त्याच्या आवडत्या अणुकेंद्राबद्दल विचारा, तो थोडं बोलेल, पण कार्बन आणि ऑक्सिजनबद्दल विचारा, शिव्यांसकट तासभर बोलेल.

आणि हे फक्त घाणीचं झालं. आकडा काढायचा तर टार्गेटची जाडी माहीत हवी, ती एका चौरस सेंटीमीटरला काही मायक्रोग्रॅम इतकी पातळ, किती कण आले ते फॅराडे कपमध्ये करंट गोळा करून मोजायचं आणि कपातून इलेक्ट्रॉन निसटत नाहीत ना ते बघायचं, डिटेक्टर किती कोनाला व्यापतो, किती कण त्याच्या नजरेतून सुटतात, आलेला कण प्रोटॉन की ड्युटेरॉन हे ओळखायला पुढे एक पातळ डिटेक्टर आणि मागे एक जाड. यातल्या प्रत्येकात दोन-चार टक्क्यांची गडबड असते आणि ती सगळी बेरजेत येते. म्हणूनच एकच अभिक्रिया दोन गटांनी मोजली की आकडे कधी कधी एकमेकांच्या एरर बारमध्येसुद्धा (अधिक-उणेच्या मर्यादेत) बसत नाहीत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली एक्सफोर म्हणून एक मोठा डेटाबेस आहे, जगभरचे असे मोजलेले आकडे त्यात साठवलेत, कुणीही उघडून बघावं. एखाद्या साध्या अभिक्रियेचा आलेख काढला तर बिंदूंचा पट्टा दिसतो, रेघ नाही. 'ठाऊक' हा तो पट्टा आहे.

याच कामांत घोषाल यांचं नाव घ्यायलाच हवं, एस. एन. घोषाल, १९५० साली बर्कलीत. नील्स बोरचं म्हणणं होतं की कण आत शिरला की आधी एक तापलेलं मिश्र केंद्रक बनतं आणि फुटताना ते कसं बनलं होतं हे विसरून जातं. घोषालांनी तांबं-६३ वर प्रोटॉन मारले, निकेल-६० वर अल्फा मारले, दोन्हीकडून तेच झिंक-६४ तयार झालं आणि दोन्हीकडून फुटण्याची प्रमाणंही जुळली. हा प्रयोग जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे आणि आपल्या विज्ञान पुरवण्यांत मला तरी कधी दिसला नाही.

आता सूर्य, कारण लेखाचं हेडिंगच सूर्यावर होतं. सूर्याच्या गाभ्यात कणांची सरासरी औष्णिक ऊर्जा एक-दोन केईव्हीच्या घरातली. म्हणजे तिथं सगळा कारभार त्या 'क्वचित'वर चालतो, आणि म्हणून तर सूर्य एका दिवसात जळून जात नाही. पण प्रयोगवाल्यांची पंचाईत होते, कारण जिथं मोजायला सोपं तिथं सूर्य नाही आणि जिथं सूर्य आहे तिथं काउंट्स नाहीत. पहिली पायरी, दोन प्रोटॉन जुळून ड्युटेरॉन होण्याची, ती तर इतकी दुर्मिळ की प्रयोगशाळेत थेट मोजलीच गेलेली नाही, गणितानंच काढतात. बाकीच्या पायऱ्या जास्त ऊर्जेला मोजायच्या आणि आलेख खाली खाली ओढत न्यायचा.

या ओढण्यावर लोकांचा किती विश्वास असावा? रे डेव्हिसला सूर्याचे न्यूट्रिनो (या अभिक्रियांतून सुटणारे, जवळजवळ कशालाच न अडणारे कण) अपेक्षेच्या एक-तृतीयांशच मिळत होते तेव्हा १९७२ मध्ये फाउलरनं शंका काढली होती की हेलियम-३ आणि हेलियम-३ यांच्या अभिक्रियेत एखादा रेझोनन्स (हेलियम-५ च्या त्या अवस्थेसारखी, अभिक्रिया एकदम वाढवणारी जागा) खाली दडून बसला असेल, आपण मोजलेल्या ऊर्जांच्या खाली, म्हणून हिशेब चुकतोय. शंका रास्त होती. ती फेडायला एकच मार्ग, खाली जाऊन मोजा. इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटात, १४०० मीटर खडकाखाली, लूना नावाच्या गटानं ५० हजार व्होल्टचं छोटंसं मशीन लावलं. डोंगराखाली कशाला, तर वरून येणारे वैश्विक किरण डिटेक्टरमध्ये इतकी खोटी टिकटिक करतात की खरी त्यात बुडून जाते, खडकामुळे त्यातले म्युऑन नावाचे कण दहा लाखपटींनी कमी होतात. १९९९ मध्ये त्यांनी १६.५ केईव्हीपर्यंत उतरून मोजलं. सूर्यात ही अभिक्रिया ज्या ऊर्जेला चालते बरोब्बर त्याच पट्ट्यात. शेवटच्या बिंदूला महिन्याला साधारण दोन काउंट्स. दोन! महिनाभर बीम चालू, पाळ्या लागलेल्या, आणि दोन. रेझोनन्स नव्हता. फिजिक्सच्या भाषेत 'काही सापडलं नाही', पण त्यामुळे न्यूट्रिनोच्या कोड्याचं उत्तर सूर्यात नाही, न्यूट्रिनोतच आहे, ही बाजू भक्कम झाली आणि दोन-तीन वर्षांत कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगानं ते दाखवूनही दिलं. मला सांगा, 'महिन्याला दोन काउंट्स' हे काय वाईट हेडिंग आहे?

त्याच गटानं पुढे ४०० हजार व्होल्टच्या मशीनवर नायट्रोजन-१४ आणि प्रोटॉनची अभिक्रिया मोजली, सूर्याहून जड ताऱ्यांत कार्बन-नायट्रोजनचं जे चक्र चालतं त्यातली सगळ्यात संथ पायरी. २००४ मध्ये आकडा आला तो आधीच्या मानानं जवळजवळ निम्मा. पायरी निम्म्या वेगानं चालते म्हणजे तारे सावकाश म्हातारे होतात, म्हणजे जुन्या तारकागुच्छांचं वय पाऊण ते एक अब्ज वर्षांनी वाढलं. एका क्रॉस-सेक्शननं! शंभर वर्षांपासून ठाऊक असलेल्या अभिक्रियेच्या.

आणि सगळ्यात मोठं अजून बाकीच आहे. कार्बन-१२ अधिक अल्फा, त्यातून ऑक्सिजन-१६ आणि गॅमा किरण. तारा हेलियम जाळतो तेव्हा आधी तीन अल्फांचा कार्बन होतो (त्यासाठी कार्बनमध्ये ७.६५ एमईव्हीला एक पातळी हवीच असं खगोलशास्त्रज्ञ हॉइल म्हणाला आणि १९५३ मध्ये कॅलटेकला नायट्रोजनवर ड्युटेरॉन मारून ती सापडली, ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते), पण मग त्या कार्बनमधला किती कार्बन राहणार आणि किती ऑक्सिजन होणार हे या दुसऱ्या अभिक्रियेवर ठरतं. विश्वातला कार्बन-ऑक्सिजनचा वाटा, मोठ्या ताऱ्याचा शेवट न्यूट्रॉन तारा होणार की कृष्णविवर, सगळं तिच्याशी बांधलेलं. ताऱ्यात ती ३०० केईव्हीच्या आसपास होते आणि तिथं तिचं क्रॉस-सेक्शन १० चा उणे १७ वा घात बार्न इतकं असावं असा अंदाज आहे. अंदाजच, कारण थेट मोजमापं एक एमईव्हीच्या जवळपास येऊन अडकतात. पुन्हा आमचा जुना वैरी: साध्या कार्बनमध्ये एक टक्क्याहून थोडा जास्त कार्बन-१३ असतो, त्यावर अल्फा पडला की न्यूट्रॉन निघतो आणि ती अभिक्रिया लाखो पटींनी जोरात चालते, त्यात आपला बिचारा गॅमा कुठं शोधायचा. म्हणून लोक कार्बन-१३ गाळून काढलेली टार्गेटं करतात, किंवा उलटंच करतात, कार्बनचा बीम आणि हेलियम वायूचं टार्गेट, आणि पुढे निघालेला ऑक्सिजन चुंबकांनी वेगळा करून मोजतात. पन्नासेक वर्षं हे चाललंय. दहा टक्क्यांची अचूकता हवीय, ती अजून सगळ्यांना पटेल अशी आलेली नाही. यात इंजिनिअरिंग कुठं उरलंय सांगा, इथं फिजिक्सच उरलंय.

बरं हे सगळं आकाशातलं म्हणून सोडून द्यायचं तर लेखात ज्याचं एवढं कौतुक होतं तो ५ डिसेंबर २०२२ चा प्रयोग घ्या, अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा (हो, तोच लॉरेन्स). लेसरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा गेली, फ्युजनची ३.१५ आली. ३.१५ कसं कळलं? कुणी थर्मामीटर लावला नव्हता. १४ एमईव्हीचे न्यूट्रॉन किती निघाले ते मोजलं, आणि ते मोजण्याची एक पद्धत म्हणजे भोवती झिरकोनियमच्या चकत्या ठेवायच्या, न्यूट्रॉननं झिरकोनियम-९० मधून दोन न्यूट्रॉन निघतात, उरतं ते झिरकोनियम-८९ किरणोत्सर्गी, त्याचे गॅमा मोजायचे. म्हणजे त्या जगप्रसिद्ध आकड्याच्या मागे आणखी एका साध्या अभिक्रियेचं क्रॉस-सेक्शन उभं आहे, जे कुणीतरी कधीतरी चकत्या मोजत बसून काढलं. दवाखान्यातला पेट स्कॅनही तसाच, ऑक्सिजन-१८ च्या पाण्यावर प्रोटॉन मारून फ्लोरीन-१८ बनवतात, त्याचं अर्धआयुष्य ११० मिनिटं, प्रोटॉनला किती ऊर्जा द्यायची हे मोजलेल्या आलेखावरूनच ठरतं.

उलट बाजूही आठवते. २३ मार्च १९८९, पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी पत्रकार परिषद घेऊन काचेच्या भांड्यात फ्युजन झालं म्हणून सांगितलं, आणि जगभरच्या पेपरांनी पहिल्या पानावर घेतलं. तेव्हा १९३४ पासून मोजलेली ड्युटेरियम-ड्युटेरियम अभिक्रिया कामाला आली. तिच्या दोन वाटा साधारण निम्म्या-निम्म्या, एकीतून प्रोटॉन, दुसरीतून न्यूट्रॉन. एक वॅट उष्णता तिच्यातून आली असेल तर सेकंदाला एक हजार अब्जच्या आसपास न्यूट्रॉन निघायला हवेत, म्हणजे भांड्याशेजारी उभा राहून फोटो काढणारा माणूस फोटो काढण्याच्या स्थितीत राहिला नसता. हे गणित त्या संध्याकाळी कुठल्याही न्यूक्लिअर फिजिक्सच्या विद्यार्थ्यानं फोनवर करून दिलं असतं, कुणी फोन केला असता तर.

माझं मागणं फार नाही. अशी बातमी छापताना आकड्यापुढचं अधिक-उणे गाळू नका, जागा कमी असेल तर विशेषण गाळा. आकडा मोजलेला आहे की खाली ओढून आणलेला आहे हे लेखकाला विचारा, एका ओळीचं काम आहे. आणि कधीतरी निकाल न लागलेल्या प्रयोगावर अर्धं पान द्या, ज्यात लोक अजून भांडतायत असा एखादा आलेख घ्या, आमच्यासारखे जुने लोक फुकट समजावून सांगतील.

आणि जाता जाता, लेखातल्या चित्रात ट्रिटियम म्हणून जो तीन गोळ्यांचा घोस दाखवलाय त्यात दोन लाल आणि एक निळा आहे, आणि खाली लिहिलंय लाल म्हणजे प्रोटॉन. तो ट्रिटियम नाही, हेलियम-३ झाला. त्यावर ड्युटेरॉन मारला तर अल्फाबरोबर न्यूट्रॉन नाही, प्रोटॉन निघेल, ऊर्जा १८.३ एमईव्ही मिळेल, आणि ती अभिक्रिया जोरात चालायला ड्युटेरॉनला १०० नाही, चारशेच्या वर केईव्ही द्यावे लागतील. तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा.

कळावे, लोभ असावा.
आपली एक जुनी वाचक